फ्रेंचचे प्राथमिक शिक्षण

फ्रेंच ही मातृभाषा नसलेल्या, साधारणपणे ५ ते ११ वर्षे वयाच्या मुलांना शाळेत फ्रेंच शिकविण्याचा उपक्रम. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंड व कॅनडा या देशांत त्याचे महत्त्वाचे प्रयोग झाले. लहान वयात मेंदू भाषाग्रहणास अधिक अनुकूल असतो, हे मज्जाशल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड यांचे प्रतिपादन १९५९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. या प्रयोगांना त्यामुळे सैद्धांतिक बळ मिळाले.

अध्यापनपद्धती : प्रारंभी वाचन-लेखन लांबणीवर टाकून श्रवण व संभाषण यांवर भर देतात. फ्रेंचमध्ये शब्दान्तीची अनेक अक्षरे लिहिली जातात, पण उच्चारली जात नाहीत. उदा., ‘तो बोलतो’ व ‘ते बोलतात’ या अर्थांच्या वाक्यांचा उच्चार ‘ईल पार्ल’ असा एकच होतो. लेखन मात्र भिन्न असते. लेखन आधी शिकविल्यास मुले अक्षरांवरून चुकीचे उच्चार करू लागतात. नामे उपपदासह शिकवितात. ‘ल लीव्र’ (पुस्तक, पुल्लिंगी) व ‘ला ताब्ल’ (टेबल, स्त्रीलिंगी) असे ऐकून लिंगभेद सवयीने अंगवळणी पडतो. गाणी, खेळ, चित्रे व ध्वनिमुद्रिते ही प्रमुख साधने होत.

इंग्लंडमधील प्रयोग : शासन व नफील्ड प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने १९६४ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये आठव्या वर्षापासून फ्रेंच शिकविण्याची पथदर्शी योजना सुरू झाली. तिच्यासाठी ‘आं नाव्हां’ (‘पुढे चला’) ही पाठमाला तयार करण्यात आली. योजनेचे मूल्यमापन क्लेअर बर्स्टॉल यांनी केले; त्यांचा अंतिम अहवाल १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्रेंचमुळे इतर विषयांतील प्रगतीस बाध आला नाही. मात्र आठव्या वर्षी आरंभ करणाऱ्यांना सोळाव्या वर्षी अकराव्या वर्षी आरंभ करणाऱ्यांपेक्षा श्रवणाखेरीज अन्य कौशल्यांत भरीव लाभ झाला नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. परिणामी योजनेचा देशव्यापी विस्तार झाला नाही. या निष्कर्षावर टीकाही झाली. पूर्वी फ्रेंच शिकलेली मुले माध्यमिक शाळेत अनेकदा नवशिक्यांबरोबरच बसविली जात. त्यामुळे आधीचे शिक्षण वाया जाई. हा दोष वयाचा नसून व्यवस्थेचा होता, असे टीकाकारांचे म्हणणे होते. पुढे २०१४ मध्ये इंग्लंडमधील शासकीय प्राथमिक शाळांच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात ७ ते ११ या वयोगटासाठी एक परकीय भाषा अनिवार्य करण्यात आली. अनेक शाळांनी फ्रेंचची निवड केली.

कॅनडातील प्रयोग : माँट्रिऑलजवळील सेंट लँबर्ट येथे १९६५ मध्ये इंग्रजीभाषक पालकांच्या पुढाकाराने बालवर्गापासून फ्रेंच माध्यमाचा वर्ग सुरू झाला. येथे फ्रेंच हा केवळ विषय नव्हता; इतर विषयही तिच्यातूनच शिकविले जात. या ‘निमज्जन’ पद्धतीचा अभ्यास वॉलेस लँबर्ट व रिचर्ड टकर यांनी १९७२ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. मुलांचे फ्रेंच-आकलन उत्तम झाले व इंग्रजीचीही हानी झाली नाही; तथापि बोलण्यातील व्याकरणशुद्धता फ्रेंचभाषक मुलांच्या तुलनेने कमी राहिली.

या प्रयोगांवरून केवळ लवकर आरंभ करणे पुरेसे नाही, असे दिसते. भाषेशी होणारा संपर्ककाल, शिक्षकाचे भाषाप्रभुत्व व माध्यमिक स्तरावरील सातत्य या बाबीही तितक्याच निर्णायक ठरतात. आठवड्यातील एखाद्या तासिकेतून भाषेविषयी गोडी लागू शकते. प्रभुत्वाची अपेक्षा मात्र तेवढ्यावर करता येत नाही.