दुभाषा घडायला किती वर्षे लागतात?

सप्टेंबर २०२३मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील सर्वोच्च न्यायालयापुढे दूरदृश्य पद्धतीने उभ्या राहिल्या. पडद्यावर त्यांचा सांकेतिक भाषेचा दुभाषाही होता आणि न्यायालयातले बोलणे तो हातांनी, चेहऱ्याने त्यांच्यापर्यंत पोचवत होता. वर्तमानपत्रांनी या घटनेची योग्य दखल घेतली. मला मात्र तेव्हापासून एक प्रश्न सोडत नाही: असा माणूस तयार कुठे होतो, आणि तयार व्हायला आपण त्याला किती काळ देतो?

आपल्याकडची मुख्य वाट आहे बारावीनंतरच्या दोन वर्षांच्या पदविकेची. भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेला हा अभ्यासक्रम मुंबईत वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेने चालवला. दिल्लीत २०१५ साली स्थापन झालेले भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्रही तो चालवते. त्याआधी ए, बी, सी अशा छोट्या पायऱ्या होत्या. पदविका ही त्यापुढची मोठी मजल, हे मान्य करूनच पुढचे लिहीत आहे.

सांकेतिक भाषा म्हणजे मराठी-इंग्रजीचे हातांनी केलेले रूप, हा समज आधी मोडावा लागतो. तिला स्वतःचे व्याकरण आहे. ‘कोण आले?’ असे आपण विचारतो; संकेतात प्रश्नाची खूण शेवटी जाते. हो किंवा नाही एवढेच उत्तर हवे असेल, तर प्रश्न उंचावलेल्या भुवयांतून होतो; भुवया सपाट राहिल्या की तेच वाक्य विधान ठरते. काळ क्रियापदाला चिकटत नाही, ‘काल’ आधीच सांगून टाकायचा. सर्वांत अवघड आहे जागेचा वापर. दोन माणसांना समोरच्या हवेत डावी-उजवी जागा नेमून द्यायची. मग ‘देणे’ची खूण कुठून कुठे सरकली, त्यावरून कोणी कोणाला दिले ते कळते. साक्ष चालू असताना दुभाष्याने ही दिशा उलटी वाचली, तर पैसे देणारा घेणारा होऊन बसतो.

कर्ता, कर्म, क्रियापद हा क्रम बराचसा मराठीसारखा. त्यामुळे मराठी विद्यार्थ्याला ही भाषा सोपी भासते आणि नेमका तिथेच तो फसतो. मनातल्या मराठी वाक्यातल्या एकेका शब्दाला तो एकेक खूण लावत जातो. समोरची कर्णबधिर व्यक्ती सौजन्याने मान डोलावते. पण तिला समजलेलेच असते असे नाही.

शब्दसंग्रह कोशातून मिळतो. दिल्लीच्या केंद्राच्या कोशात २०२१ पर्यंत १०,००० नोंदी झाल्या. मदन वशिष्ठ, जेम्स वुडवर्ड आणि सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात दिल्ली, कोलकाता, मुंबई, बंगळूर इथल्या खुणा ताडून पाहिल्या, तेव्हा सुमारे ७५ टक्के खुणांत नाते आढळले. भाषा एक, हे त्यातून दिसले. पण उरलेले वेगळेपण कोश पाठ करून हाती लागत नाही. त्यासाठी कर्णबधिरांच्या क्लबात, लग्नकार्यात, क्रिकेटच्या सामन्यात वर्षानुवर्षे ऊठबस लागते.

या तयारीची खरी परीक्षा न्यायालयात होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १२५नुसार बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराने खुणांनी दिलेली साक्ष तोंडी पुरावाच मानली जाते. गरज असेल तिथे न्यायालयाने दुभाषा किंवा विशेष शिक्षक घ्यायचा आणि चित्रीकरण करायचे. कायदा चांगला आहे. पण बहुतेक कर्णबधिर मुले ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. शाळाच न लाभलेल्या एखाद्या मुलीकडे घरात तयार झालेल्या, आई-आजीलाच कळणाऱ्या खुणा असतात. अशा मुलीपुढे पदविकाधारक दुभाषाही अपुरा पडतो. तिथे स्वतः कर्णबधिर असलेला दुभाषा मध्ये बसवावा लागतो: तो मुलीचे म्हणणे समजून प्रचलित सांकेतिक भाषेत मांडतो, आणि ऐकू येणारा दुभाषा ते मराठीत आणतो. ही जोडी कशी चालवायची, कुठे थांबून ‘मला कळले नाही’ असे न्यायाधीशांना सांगायचे, हे दोन वर्षांच्या वेळापत्रकात कसे बसवणार? ‘बहुधा असे म्हणायचे असेल’ अशा अंदाजावर कोणाला शिक्षा होता कामा नये.

शिस्तही शिकावी लागते. कर्णबधिर रुग्ण ‘माझ्या छातीत दुखते’ म्हणाला, तर दुभाष्याने ‘याच्या छातीत दुखते’ म्हणायचे नाही, ‘माझ्या’च म्हणायचे. सल्ला द्यायचा नाही, काही गाळायचे नाही, ऐकलेले बाहेर न्यायचे नाही. लांबलेल्या कामात दोघे दुभाषे साधारण वीस-वीस मिनिटांनी पाळी बदलतात, कारण थकलेला मेंदू आशय सोडू लागतो आणि ते त्याला स्वतःला कळतही नाही.

अमेरिकेत दुभाष्यांची नोंदणी करणारी संस्था १९६४ साली उभी राहिली, आणि २०१२ पासून ऐकू येणाऱ्या उमेदवाराला तिच्या प्रमाणपत्र परीक्षेसाठी पदवी लागू लागली. आपल्याकडेही इग्नूने ब्रिटनच्या सेंट्रल लँकेशायर विद्यापीठासोबत उपयोजित सांकेतिक भाषा अभ्यासाची बी.ए. सुरू केली होती. ती प्रामुख्याने कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी होती आणि पुढे बंद पडली. मला ही मोठी हानी वाटते.

२०११च्या जनगणनेत देशात श्रवणदोष असलेल्या ५० लाखांहून अधिक व्यक्तींची नोंद आहे. आपली विद्यापीठे जर्मन शिकवतात, जपानी शिकवतात, भाषांतराचे वर्ग चालवतात. नव्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीची सोय केली आहे आणि भारतीय सांकेतिक भाषेच्या प्रमाणीकरणाचाही त्यात उल्लेख आहे. सांकेतिक भाषा शिकवण्याची पदविका घेतलेले कर्णबधिर शिक्षकही आज उपलब्ध आहेत. मुंबई आणि पुण्याच्या विद्यापीठांनी आपल्या भाषा विभागांत दुभाषेपणाची चार वर्षांची पदवी सुरू करावी, तिचे शेवटचे वर्ष न्यायालये आणि रुग्णालयांत अनुभवी दुभाष्यांच्या हाताखाली काढायला लावावे, आणि भाषेचे अध्यापन कर्णबधिर प्राध्यापकांकडे सोपवावे.