एका मोसमाचा खेळाडू

उत्तम गाणारा उत्तम शिकवतोच असं नाही. उलट, स्वतःची मैफल कधी फारशी न रंगलेला एखादा मास्तर चार गुणी गवई घडवून जातो. खेळांच्या मैदानावरही हेच दिसतं. असा विषय निघाला की मला जॉर्ज ‘स्पार्की’ अँडरसन हा अमेरिकन बेसबॉलमधला माणूस हटकून आठवतो.

त्याचा जन्म 1934चा, साऊथ डकोटातल्या ब्रिजवॉटर या छोट्या गावातला. वडील घरं रंगवायचे. पुढे कुटुंब लॉस एंजेलिसला आलं आणि 1953मध्ये ब्रुकलिन डॉजर्सनं पोराला करारबद्ध केलं. पण वर्षं गेली ती दुय्यम संघांत. अखेर 1959मध्ये फिलाडेल्फिया फिलीजकडून तो दुसऱ्या बेसचा क्षेत्ररक्षक म्हणून 152 सामने खेळला. होमरन एकही नाही. शंभर वेळा बॅट घेऊन उभं राहावं आणि जेमतेम बावीस वेळा फटका साधावा, अशी सरासरी. सर्वोच्च पातळीवरचं खेळाडू म्हणून त्याचं आयुष्य या एका मोसमात सुरू झालं आणि त्यातच संपलं.

बेसबॉलमधला मॅनेजर म्हणजे सामानाच्या बॅगा मोजणारा माणूस नव्हे. संघ निवडणं, क्रम लावणं, गोलंदाज बदलणं ही क्रिकेटमधल्या कर्णधाराची बरीचशी कामं तिथं त्याच्याकडे असतात. ही वाट स्पार्कीला 1964मध्ये टोरांटोच्या दुय्यम संघात सापडली. मग रॉक हिल, सेंट पीटर्सबर्ग, मोडेस्टो, अ‍ॅशव्हिल अशी दरवर्षी नव्या गावी बिऱ्हाडं. मोसम संपला की घर चालवण्यासाठी जुन्या मोटारी विकायच्या. 1969मध्ये सॅन डिएगोत सहाय्यक प्रशिक्षक झाला आणि त्याच वर्षाअखेर सिनसिनाटी रेड्सनं पस्तिशीतल्या या माणसाला थेट मॅनेजर नेमलं. ‘हा स्पार्की कोण?’ असं तिथल्या वर्तमानपत्रानं मथळ्यातच विचारलं!

उत्तर 1970मध्येच मिळालं. संघानं 102 सामने जिंकले. पीट रोझ, जॉनी बेंच, ज्यो मॉर्गन, टोनी पेरेझ अशी एकाहून एक मोठी नावं त्याच्या हाताखाली खेळली. स्वतः बावीसच्या सरासरीचा माणूस या दिग्गजांना काय शिकवणार? मला वाटतं, कुणाला काय सांगायचं आणि कसं सांगायचं हे त्याला कळत होतं. 1975मध्ये सुरुवात अडखळत झाली, तेव्हा त्यानं रोझला डाव्या मैदानातून तिसऱ्या बेसवर यायची विनंती केली. हुकूम सोडला नाही. रोझ आला, रिकाम्या जागी जॉर्ज फॉस्टरसारखा तडाखेबंद फलंदाज बसला आणि रेड्सनी 108 विजयांनंतर वर्ल्ड सिरीजही जिंकली. पुढल्या वर्षी पुन्हा. गोलंदाज दमलाय असं वाटलं की स्पार्की त्याला ताबडतोब बाहेर बोलवायचा. म्हणून ‘कॅप्टन हुक’ हे गोष्टीतल्या चाच्याचं नाव त्याला चिकटलं.

1977 आणि 1978मध्ये संघ दुसरा आला. सहाय्यक प्रशिक्षक बदला, असा वरून आग्रह झाला. स्पार्की तयार नव्हता. नोकरी गेली. 1979मध्ये डेट्रॉइट टायगर्सनं त्याला बोलावलं. 1984मध्ये या संघानं पहिल्या 40पैकी 35 सामने जिंकले आणि अजिंक्यपदही मिळवलं. बेसबॉलच्या दोन्ही लीगमध्ये वर्ल्ड सिरीज जिंकणारा तो पहिला मॅनेजर. दोषही होतेच. नवख्या पोरांची तो इतकी स्तुती करायचा की ते ओझं त्यांना पेलवत नसे. आणि पराभव त्याला पचत नसे. 1989मध्ये हार इतकी जिव्हारी लागली की थकून तो 17 दिवस घरी बसला.

पण मला या सगळ्या विजयांपेक्षा 1995चा वसंत मोठा वाटतो. ऑगस्ट 1994पासून खेळाडूंचा संप चालू होता. त्या वर्षीची वर्ल्ड सिरीजसुद्धा रद्द झाली होती. मालकांनी ठरवलं, बदली खेळाडू आणून मोसम सुरू करायचा. मॅनेजर मालकाचा पगारदार; बाकीचे बहुतेक मुकाट्यानं सराव घेऊ लागले. एकसष्ट वर्षांच्या स्पार्कीनं मात्र नकार दिला आणि बिनपगारी रजेवर गेला. मालक नाराज झाले. नोकरीची शाश्वती उरली नाही. एप्रिलमध्ये संप मिटला, तो परतला, मोसम पुरा केला आणि निवृत्त झाला. खात्यावर 2194 विजय होते.

असं का केलं असेल त्यानं? माझा तर्क साधा आहे. सहा वर्षं खालच्या संघांत घासून ज्यानं एकाच मोसमाची जागा मिळवली, त्याला त्या जागेची किंमत ठाऊक होती. ती जागा कुणालाही उचलून देता येते, हे त्याला मान्य होणार नव्हतं. ज्याला सगळं सहज मिळालं, त्याला हे इतकं लागलं असतं का?

2000मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला, 2010मध्ये वारला. दोन्ही संघांनी त्याचा क्रमांक निवृत्त केला. आता तो दुसऱ्या कुणाच्या पाठीवर दिसत नाही. आपल्या मुलांना ‘पहिला आलास का?’ असं विचारताना मला हा माणूस आठवतो. पहिला न येणाराही पुष्कळ शिकत असतो. त्याचा उपयोग त्याला कधी होईल, हे मात्र निकालपत्रावर छापलेलं नसतं.