किटवर दोन रेषा, पण गर्भ कुठे आहे?

पाळी चुकली, घरच्या किटवर दोन रेषा उमटल्या, म्हणजे दिवस गेले. पण गर्भ कुठे रुजलाय, हे किट सांगत नाही. १०० पैकी १-२ गरोदरपणांत तो गर्भाशयाबाहेर, बहुतेक वेळा बीजवाहिनीत रुजतो. त्यालाच डॉक्टर ‘एक्टोपिक’ म्हणतात. वाढत्या गर्भाने नळी फुटली, तर पोटात रक्तस्राव होऊन जिवावर बेततं.

गैरसमज : एक्टोपिक असेल तर असह्य कळा येणारच.
वस्तुस्थिती : सुरुवातीला काहीच जाणवत नाही, असंही होतं. साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात ओटीपोटात, बऱ्याचदा एकाच बाजूला, दुखू लागतं. कपड्यावर तपकिरी डाग पडतो आणि ‘पाळीच उशिरा आली’ असं वाटून बाई गप्प बसते. खांद्याच्या टोकाला दुखणं तर गॅसवर ढकललं जातं. खरं तर पोटात साचलेलं रक्त श्वासपटलाला टोचतं आणि दुखणं खांद्यात उमटतं.

गैरसमज : सोनोग्राफीत काही दिसलं नाही, म्हणजे धोका नाही.
वस्तुस्थिती : फार लवकर केलेल्या सोनोग्राफीत गर्भ कुठेच दिसत नाही. अशा वेळी रक्तातलं बीटा एचसीजी (गरोदरपणाचं संप्रेरक) तपासून ४८ तासांनी पुन्हा तपासतात आणि गरजेनुसार सोनोग्राफीही परत करतात. गर्भाची जागा कळेपर्यंत तपासण्या सोडायच्या नाहीत.

गैरसमज : कॉपर-टी आहे किंवा नसबंदी झालीय, मग प्रश्नच नाही.
वस्तुस्थिती : त्यानंतर गर्भ राहणं दुर्मीळच. पण राहिलाच, तर तो नळीत असण्याची शक्यता जास्त असते.

गैरसमज : मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्या आणल्या की काम झालं.
वस्तुस्थिती : या गोळ्यांनी नळीतला गर्भ पडत नाही. उलट रक्तस्राव झाल्याने ‘सुटलो’ असं वाटतं आणि गर्भ आत वाढत राहतो. लवकर निदान झालं, तर काही जणींना डॉक्टरांच्या देखरेखीखाली मेथोट्रेक्सेट इंजेक्शन देता येतं. बाकीच्यांना बहुधा दुर्बिणीतून शस्त्रक्रिया लागते. नळीतला गर्भ गर्भाशयात हलवता येत नाही.

गैरसमज : एक नळी काढली की मूल होणार नाही.
वस्तुस्थिती : दुसरी नळी चांगली असेल तर अनेकींना पुढे नैसर्गिकरीत्या दिवस जातात. मात्र एक्टोपिक पुन्हा होण्याची शक्यता सुमारे १० टक्के असते. म्हणून पुढच्या खेपेला पाळी चुकताच डॉक्टरांना दाखवावं.

दिवस गेल्यावर पोटात दुखलं किंवा डाग दिसला, तर त्याच दिवशी तपासून घ्या. चक्कर, घाम, अचानक तीव्र कळ किंवा खांदेदुखी असेल तर १०८ ला फोन करा. सकाळची वाट बघू नका.