झेनमध्ये एस्टीमचं इंजिन

जुन्या मारुती झेनचं इंजिन ९९३ सीसीचं, एस्टीमचं १२९८ सीसीचं. दोन्ही सुझुकीच्या ‘जी’ घराण्यातली, म्हणून ही अदलाबदल हौशी मंडळींची लाडकी. पण ताकद वाढवताना ब्रेक तेच राहतात, खरा धोका तिथे आहे. गळीत हंगामात कोल्हापूर जिल्ह्यातल्या बिद्री साखर कारखान्याकडे निघालेली उसाची ट्रॉली वळणावर अचानक समोर येते. तेव्हा जीव वाचवतो तो ब्रेक. शिवाय कायदाही आड येतो: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ नोंदीशी न जुळणारा बदल करू देत नाही. २०१९च्या दुरुस्तीने शिक्षाही कडक केली: सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. इंजिन उतरवण्याआधी कोल्हापूरच्या आरटीओत विचारून घ्या.