शिरस्त्राण आणि मेंदू : अमेरिकन फुटबॉलचे भवितव्य

अमेरिकेत ज्या खेळास फुटबॉल म्हणतात, तो आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. त्यात खेळाडू चेंडू हाती घेऊन धावतो आणि प्रतिस्पर्धी अंगावर झेप घेऊन त्याला खाली पाडतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये या खेळाचा अंतिम सामना, म्हणजे 'सुपर बोल', तेथे सरासरी १२ कोटी ७७ लाख प्रेक्षकांनी पाहिला. मग या खेळाच्या भवितव्याविषयी चिंता का व्यक्त होते?

२००२ साली माइक वेब्स्टर हे नामवंत माजी खेळाडू वयाच्या अवघ्या ५०व्या वर्षी निधन पावले. मूळचे नायजेरियाचे डॉ. बेनेट ओमालू यांना त्यांच्या मेंदूत 'टाऊ' नामक प्रथिनाचे घातक साठे आढळले. हा निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. 'सीटीई' या नावाने ओळखला जाणारा हा विकार स्मृती, विवेक व मनःस्वास्थ्य हळूहळू पोखरतो. शिरस्त्राण कवटीचे रक्षण करते. परंतु कवटीच्या आत हेलकावणाऱ्या मेंदूस ते थोपवू शकत नाही. एखादा मोठा आघातच नव्हे, तर वर्षानुवर्षे बसणारे लहान धक्केही या विकारास कारणीभूत ठरतात. त्याचे निश्चित निदान मात्र मृत्यूनंतरच होते.

बोस्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये व्यावसायिक संघांतील १११ दिवंगत खेळाडूंच्या मेंदूंविषयी अहवाल दिला. त्यांपैकी ११० मेंदूंत हा विकार होता. अर्थात, लक्षणे दिसल्यामुळेच अनेक कुटुंबांनी हे मेंदू दान केले होते. म्हणून हे प्रमाण सर्वच खेळाडूंना लागू करता येणार नाही.

खेळाचे भवितव्य प्रेक्षकसंख्येवरून ठरवणे फसवे आहे. ते ठरते घराघरांत. २००८-०९ मध्ये हा खेळ खेळणारे माध्यमिक शाळांतील विद्यार्थी ११ लाखांहून अधिक होते. पुढील दशकात ही संख्या सुमारे १० लाखांवर आली व त्यानंतर किंचित सावरली. पाहणारे वाढले, पण आपले मूल मैदानात उतरवण्यापूर्वी काही पालक थबकू लागले.

हा खेळ बदलू शकतो, याला इतिहास साक्षी आहे. मैदानावरील मृत्यूंमुळे १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी विद्यापीठांच्या प्रतिनिधींना पाचारण केले आणि १९०६ मध्ये नियम बदलले. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी 'फ्लॅग फुटबॉल' निवडला गेला आहे. त्यात प्रतिस्पर्ध्यास पाडायचे नसते. त्याच्या कमरेची फीत ओढायची असते.

दुसऱ्याच्या मुलाचा खेळ आपण आनंदाने पाहतो. तोच खेळ आपल्या मुलास निर्धास्तपणे खेळू देऊ का, या प्रश्नाच्या उत्तरातच त्या खेळाचे भवितव्य दडलेले आहे.