दिव्यामागचे गणित

बटण दाबताच दिवा लागतो, याचे आपल्याला आता नवल वाटत नाही. परंतु वीज ही कणगीत भरून ठेवावी अशी वस्तू नव्हे. जितकी खर्ची पडते तितकीच त्या क्षणी निर्माण व्हावी लागते. हा तोल ढळला की सेकंदाला ५० आवर्तनांचा ठरलेला वेग बदलतो. मागणी वाढली तर तो मंदावतो, पुरवठा वाढला तर चढतो. हा तोल सांभाळणारे अभियंते भार प्रेषण केंद्रांत अहोरात्र जागे असतात. मध्य प्रदेशाचे असे केंद्र जबलपूरला आहे. तेथील संगणकांसाठी आज्ञावली रचणे हा आज एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे.

या कामाचे स्वरूप काय? उपकेंद्रांतून क्षणोक्षणी हजारो मोजमापे येतात. त्यांतील काही चुकीची असतात, काही उशिरा पोचतात, तर काही येतच नाहीत. त्या गोंधळातून जाळ्याची खरी स्थिती ताडण्याची गणिती रीत अमेरिकेतील फ्रेड श्वेपे यांनी १९७० साली मांडली. ती स्थिती हाती आली की आज्ञावली पुढचा प्रश्न विचारते: अमुक एक वाहिनी तुटली, तर तिचा भार कोणावर पडेल?

या प्रश्नाचे मोल ग्वाल्हेरकरांना वेगळे सांगायला नको. ३० जुलै २०१२ रोजी पहाटे अडीचच्या सुमारास बीना-ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी बंद पडली आणि सारा उत्तर भारत अंधारला. वाहिनीत दोष नव्हता. अतोनात भारालाच संरक्षक रिलेने बिघाड मानले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तीच वाहिनी पुन्हा बंद पडली आणि ६० कोटींहून अधिक लोकवस्तीच्या प्रदेशातील वीज गेली. भार कमी करण्याच्या सूचना राज्यांना गेल्या होत्या, पण त्यांचे पुरेसे पालन झाले नाही. पडद्यावरचा आकडा कितीही अचूक असो, तो मानणारा माणूस नसेल तर व्यर्थच!

उलट प्रकारही घडला आहे. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या एका वीजकंपनीची धोक्याची सूचना देणारी आज्ञावलीच मूक झाली. दोन प्रक्रियांनी एकाच वेळी एकाच माहितीला हात घातला आणि यंत्रणा अडकून पडली. तासाहून अधिक काळ अभियंते निर्धास्त होते, कारण घंटा वाजली नव्हती. परिणामी अमेरिका व कॅनडातील सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली.

अंदाज चुकला तरी सिद्धता असल्यास निभावते, याचाही दाखला आहे. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ मिनिटे देशभर दिवे मालवले गेले. मागणी १२ ते १४ हजार मेगावॅटने उतरेल असा कयास होता. उतरली ३१ हजारांनी. जलविद्युत केंद्रांच्या जोरावर जाळे सावरले.

विद्युत अभियांत्रिकी, गणित आणि संगणक या तिन्हींची आवड असलेल्या मुलामुलींनी या क्षेत्राचा अवश्य विचार करावा. येथे नाव गाजत नाही. काम चोख झाले, तर काही घडलेच नाही असे लोकांना वाटते. आणि तेच या कामाचे यश होय.