सशाचे घर : आधी जागा, मग पिंजरा

परवा दवाखान्यात एक आई आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलाच्या दंडावर आणि गालावर रुपयाएवढे गोल, कडेला लाल, खवलेदार चट्टे. उघड उघड गजकर्ण. मलम लिहिता लिहिता सवयीने विचारले, "घरात कुत्रे-मांजर आहे का?" बाई म्हणाल्या, "छे हो डॉक्टर, नुसता ससा आहे. तोही घरात नसतो. मागे मोरीपाशी खोक्यात असतो." सशाच्या नाकाजवळचे, कानामागचे केस गेलेत का, असे विचारल्यावर आईच्या आधी मुलगाच बोलला, "हो, थोडे थोडे गेलेत."

मुलाला मलम दिले आणि सशाला पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यायला सांगितले. पण या दुखण्याचे मूळ त्या मोरीपाशी होते. कायम ओल, ऊन नाही, वारा नाही आणि खोक्याच्या तळाशी मुरलेले मूत्र. अशा जागी बुरशी सशाच्या अंगावर सुखाने नांदते. त्याला कुशीत घेणाऱ्या मुलाच्या अंगावर ती जायला वेळ लागत नाही. तेव्हा आरोग्याच्या सदरात सशाच्या पिंजऱ्याचे काय काम, असे कोणी विचारू नये. आजकाल लहान गावांतही वाढदिवसाला मुलांना सशाची जोडी देण्याची हौस वाढली आहे. त्याला ठेवायचे कुठे, हा विचार मात्र ससा घरी आल्यानंतर सुरू होतो.

दुसऱ्यांना शहाणपण शिकवण्याआधी स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मुलीच्या हट्टापायी मीही दोन ससे आणले. बाजारातून तयार लोखंडी पिंजरा घेतला. त्याला वरून पत्रा, खाली जाळी. गच्चीवर कुत्री-मांजरे येत नाहीत म्हणून तो गच्चीवर ठेवला. एप्रिल महिना होता, आणि आमच्या सोलापूर जिल्ह्यातला एप्रिल कसा असतो हे वाचकांना सांगायला नको. दुपारी तीनला दवाखाना बंद करून घरी आलो तेव्हा एक ससा आडवा होऊन गार झालेला, दुसरा तोंड उघडे टाकून धापा टाकत होता. त्याला खाली आणले, फरशीवर ठेवले, साध्या पाण्यात बुडवलेले फडके कानांना लावत बसलो. तो वाचला. शाळेतून आल्यावर मुलीने एकच प्रश्न विचारला, "बाबा, त्यांना पाणी होतं ना?" पाणी होते. मी बोट घालून पाहिले होते, चहासारखे तापले होते.

असे का होते हे समजले की पिंजरा कसा असावा हे आपोआप समजते. आपण पाळतो तो ससा मूळचा स्पेन, पोर्तुगाल आणि दक्षिण फ्रान्सकडचा. तिथे तो जमिनीत बिळे खणून कळपाने राहतो. बाहेर ऊन असो की थंडी, बिळात हवा बरीचशी सारखी राहते आणि दिवसाचा तापाचा वेळ तो आतच काढतो. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही. कुत्रा जीभ काढून जशी उष्णता टाकतो तसेही त्याला नीट जमत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याजवळ मुख्यतः ते दोन लांब कान आहेत. कानांत रक्तवाहिन्यांचे जाळे असते, गार हवा लागली की रक्त थोडे निवते. पण हवाच तापलेली असेल तर कान तरी काय करणार? साधारण १५ ते २० अंश तापमानात ससा मजेत असतो. ३० च्या वर तो बेचैन होतो. ३५ च्या पुढे, विशेषतः वारा नसेल तर, जिवाला धोका असतो. आपल्याकडे मार्च ते जून पारा कुठे असतो ते पाहा. थंडीने ससा मेल्याचे आपल्या भागात क्वचितच ऐकू येते. सुकी जागा आणि भरपूर वाळलेले गवत असेल तर तो हिवाळ्याची रात्र आरामात काढतो. आपला शत्रू ऊन, आणि त्याच्या खालोखाल ओल.

म्हणून आधी जागा ठरवा, मग पिंजऱ्याकडे वळा. परसात कडुनिंब, आंबा, चिंच असे दाट सावलीचे झाड असेल तर त्याच्याखाली, नाहीतर घराच्या पूर्वेच्या भिंतीला लागून, पडवीत किंवा ओसरीच्या टोकाला. गच्ची नको, गॅलरीही पश्चिमेची असेल तर नको. मोरी, संडास, उकिरडा यांच्याजवळ तर मुळीच नको. पिंजऱ्याची पाठ पश्चिमेला आणि तोंड पूर्वेला करावे. दुपारनंतरचे कडक ऊन पश्चिमेकडून येते आणि आपल्याकडे मृगापासून पुढचा पाऊसही बहुतेक त्याच अंगाने झोडपतो. एका बंद पाठीने दोन्ही अडतात. सकाळचे कोवळे ऊन समोरून आत येऊन रात्रीची ओल वाळवते. परतीचा पाऊस मात्र कुठूनही येतो, त्यासाठी समोर गुंडाळून ठेवता येईल असा ताडपत्रीचा पडदा असू द्यावा. पडदा पाऊस थांबताच वर करायचा. प्लास्टिकने चारही बाजूंनी बांधून टाकलेला पिंजरा हा कोंडवाडाच. आणखी एक, कुंपणाला कण्हेर असेल तर तिच्यापासून पिंजरा दूर ठेवा. कण्हेरीचे पान विषारी, आणि ससा जाळीतून तोंडाला लागेल ते कुरतडतो.

छपरासाठी नुसता पत्रा घालू नये. पत्र्याचा पिंजरा आधीच घेतला असेल तर टाकून देण्याची गरज नाही. पत्र्याच्या वर चार बोटे जागा सोडून लाकडी पट्ट्यांवर उसाच्या पाचटाचा किंवा गवताचा जाड थर घाला. मधून वारा खेळला पाहिजे. नवीन करायचे असेल तर मंगलोरी कौले चांगली. छप्पर चारही बाजूंनी फूटभर पुढे काढावे आणि मागच्या बाजूला उतरते ठेवावे. उन्हाळ्यात दुपारी बाजूला ओले गोणपाट टांगले की आपल्या कोरड्या हवेत चांगला गारवा येतो. कोकणातल्या दमट हवेत या गोणपाटाचा फारसा उपयोग नाही, तिथे मोकळा वारा महत्त्वाचा. पाण्याची बाटली बर्फ करून, फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवली तर ससा तिला टेकून बसतो. आणि आत शहाबादी फरशीचा एक तुकडा जरूर टाका. आमचा वाचलेला ससा पुढे सारा उन्हाळा त्या फरशीवरच पसरलेला असे.

आता आकार. बाजारात मिळणारे बहुतेक पिंजरे सशाला बसायला पुरतात, राहायला नाही. दोन-अडीच किलोच्या सशाला लांबी ६ फूट, रुंदी २ फूट, उंची २ फूट हे माप कमीत कमी धरावे. त्याला सलग तीन उड्या मारता आल्या पाहिजेत आणि मागच्या पायांवर उभे राहिल्यावर कान छताला लागता कामा नयेत. शिवाय सकाळ-संध्याकाळ दोन-तीन तास मोकळे हिंडायला जाळीचे बंदिस्त अंगण हवे. सारा जन्म खोक्यात बसलेल्या सशाची हाडे कमकुवत होतात, पोट मंदावते. नीट सांभाळला तर ससा आठ-दहा वर्षे जगतो. इतक्या वर्षांचा विचार करून सुताराला माप द्यावे. जोडी ठेवायची तर एक गोष्ट विसरू नये, मादी साधारण महिन्याभरात विते आणि विल्यानंतर लगेच पुन्हा गाभण राहू शकते. नर-मादीला वेगळे करणारी मधली फळी पहिल्या दिवसापासून असावी, किंवा पशुवैद्याला विचारून नराची शस्त्रक्रिया करून घ्यावी.

जमिनीचा प्रश्न सर्वांत नाजूक. लेंड्या खाली पडाव्यात म्हणून पिंजऱ्याला तळाशी जाळी लावतात. माणसाच्या दृष्टीने ती सोयीची, सशाच्या दृष्टीने शिक्षा. कुत्र्या-मांजराच्या पायाला असते तशी गादी सशाच्या तळव्याला नसते, नुसती केसांची लव असते. रात्रंदिवस तारेवर बसून ती झिजते, कातडी सोलवटते, मग जखमा होतात आणि त्या लवकर बऱ्या होत नाहीत. म्हणून निम्म्याहून अधिक तळाला गुळगुळीत फळी असावी आणि तिच्यावर वाळलेल्या गवताचा चांगला थर. एका कोपऱ्यात लाकडी पेटी ठेवा, पुढे डोके-अंग जाईल एवढेच भोक. हे त्याचे बीळ. भीती वाटली की त्यात शिरतो. दिवाळीत फटाक्यांच्या दिवसांत तर ही पेटी हवीच, तेवढे चार दिवस पिंजराच घरात घेतलात तर उत्तम.

भीतीवरून आठवले. सशाला मारायला दात लावावेच लागतात असे नाही. रात्री कुत्रे पिंजऱ्याभोवती भुंकत, जाळीला पंजे मारत फिरले तर आतल्या आत तो धसक्याने मरू शकतो. तेव्हा पिंजरा जमिनीपासून अडीच फूट उंच, भक्कम पायांवर असावा आणि अंगणाला कुंपण असावे. बोका, मुंगूस, घूस, साप हे सारे गावात असतात. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती पातळ षटकोनी जाळी यातल्या कोणालाही फार काळ अडवत नाही. अर्धा इंची चौकोनी, सांधलेल्या जाड तारेची जाळी घ्यावी आणि ती चौकटीला आतून ठोकावी, म्हणजे ससा लाकूड कुरतडणार नाही. दाराला नुसती आकडी नको, कडी-कोयंडा हवा. मुंग्यांसाठी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात, मात्र ते पाणी दर दोन दिवसांनी बदलावे, नाहीतर सशाचे घर बांधता बांधता डासांचे होईल. खेळायच्या अंगणात जाळी जमिनीखाली फूटभर गाडून बाहेरच्या बाजूला वळवावी. बिळे खणणे हा त्याचा जन्मजात धंदा आहे.

स्वच्छतेसाठी एक सोपी परीक्षा. रोज सकाळी पिंजऱ्यात तोंड घालून श्वास घ्या. नाकाला झोंबले तर समजा, सशाला रात्रभर झोंबत होते. ससा नाकानेच श्वास घेतो आणि मूत्राच्या त्या उग्र वाफेने नाकाचा आतला थर दुखावला की सर्दी, पुढे फुफ्फुसाचा दाह. पुढच्या पायांच्या आतले केस चिकट दिसले तर तो वारंवार नाक पुसतो आहे हे ओळखावे. ओले गवत रोज काढावे, आठवड्याला पिंजरा रिकामा करून धुवावा. सशाच्या मूत्राचा पांढरा थर लाकडावर बसतो, तो लिंबाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्याने निघतो. शेवटी कढत पाणी आणि कडक ऊन. उग्र वासाचे फिनेल वापरू नये. पावसाळ्यात शेपटीखालचा भाग रोज पाहावा. तिथे ओल राहिली तर माश्या अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या होतात. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नये, तडक पशुवैद्य गाठावा. ससा स्वतःची मऊ लेंडी खातो हे पाहून काही जण घाबरतात. त्यात आजार नाही, ती त्याच्या पचनाचीच रीत आहे.

ससा पाणी पीत नाही, हिरव्या पाल्यावर भागते, हा समज मात्र खोटा आणि घातक आहे. उन्हाळ्यात दोन किलोच्या सशाला दिवसाला पाव लिटर किंवा त्याहून जास्त पाणी लागते. जड मातीच्या भांड्यात ते सावलीत ठेवावे आणि दुपारी एकदा बदलावे. ससा तोंड उघडून धापा टाकू लागला, लाळ गळू लागली, कान तापले, अंग सैल पडले, तर त्याला ऊन लागले आहे. सावलीत न्यावे, कान साध्या पाण्याने ओले करावेत, पण बर्फाच्या पाण्यात बुडवू नये. तसेच बारा तासांत काही खाल्ले नाही तर उद्या पाहू म्हणू नये.

एक इशारा ऊसवाल्यांसाठी. तोडीच्या वेळी पाचटात सशाची पिल्ले सापडतात आणि कोणीतरी ती मुलांसाठी घरी आणतो. मराठीत दोघांनाही आपण ससाच म्हणतो, पण शिवारातला ससा ही वेगळी जात. तो बिळे करत नाही, पिंजऱ्यात धास्तीने मरतो आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणे गुन्हा आहे. आई दिवसभर दूर राहते आणि अंधार पडल्यावर येऊन पाजते, म्हणून ती पोरकी वाटतात. त्यांना बांधाच्या कडेला, आडोशाला ठेवून द्यावे.

ससा चावला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. धनुर्वाताच्या इंजेक्शनचे डॉक्टर ठरवतील. सशाच्या चाव्याने रेबीजची लस घ्यायची वेळ क्वचितच येते, पण त्या सशाला आधी कुत्रे चावले असेल तर हे डॉक्टरांपासून लपवू नका. दमेकऱ्यांनी पिंजरा झाडण्याचे काम दुसऱ्याला द्यावे.

त्या बाईंना चिठ्ठीच्या मागे मी पिंजऱ्याची मापे आणि पूर्वेचे तोंड लिहून दिले. मुलाने विचारले, "मग मी त्याला घ्यायचंच नाही का?" तुझे मलम तीन-चार आठवडे चालेल, म्हटले. तोवर त्याला कुशीत घ्यायचे नाही, गवत-पाणी देऊन झाले की हात साबणाने धुवायचे. दोघांचेही चट्टे गेल्याचे डॉक्टरांनी सांगितले की मग घे खुशाल.